रडायचं ते वेशीपासून

२२ डिसेंबर १९९७. सकाळीच गाद्या गच्चीवर टाकल्या. दोनदा उलटवल्या, काठीनं झोडल्या आणि ऊन कलायच्या आत एकेक करून खाली आणल्या. उशांना नवे अभ्रे घातले. न्हाणीघरातली कडी मोडलेली बादली काढून नवी ठेवली. पाहुणी परदेशातली, तेव्हा संडासात कागदाची गुंडाळी लागेल, असं शेजारीण म्हणाली. बारामतीत तेव्हा ती कुठं मिळते मला ठाऊक नव्हतं. औषधाच्या दुकानात विचारलं तर दुकानदारानं कापसाचं बंडल पुढं केलं. मी तेच घेतलं. पाहुणी आहे, भागवून घेईल.

येणार होत्या दोघी. एक माझी शाळेपासूनची मैत्रीण. ती लग्न करून कॅनडात गेली त्याला वीस वर्षं होऊन गेली होती. दुसरी तिची तिकडची मैत्रीण. दोघी एकाच ग्रंथालयात नोकरीला. तिकडे नाताळाची सुट्टी लागली की माझी मैत्रीण ह्या पाहुणीच्या गावी जायची. गाव लहान, गुडघाभर बर्फ, हिची आई भट्टीत अख्खा पक्षी भाजायची, सगळे जाड मोजे घालून शेकोटीपाशी बसायचे. हे सगळं मला पत्रातून कळत असे. दर जानेवारीत पत्र यायचं आणि त्यात त्या गावाचं इतकं वर्णन असायचं की मला तिथला चर्च ते वाण्याचं दुकान रस्ता पाठ झाला होता. आता पाहुणी म्हणाली, माझं गाव झालं, आता तुझं दाखव. म्हणून ह्या नाताळात त्या इकडे येत होत्या. तीन दिवस गाव, मग गोवा.

मैत्रिणीचं गाव म्हणजे अंथुर्ण्याच्या फाट्यावरून आत एक वाडी. तिचे वडील गेल्या जानेवारीत वारले होते. तेव्हा ती आली नव्हती. तिकीट मिळालं नाही म्हणाली. मिळालं नसेल. आता आली ती पाहुणीला गाव दाखवायला, आणि आलीच आहे तर भेटायलाही.

हे भेटणं म्हणजे काय, ते शहरात राहणाऱ्यांना सांगावं लागतं. आमच्याकडे माणूस गेला की त्याची लेक, बहीण, भाची पहिल्यांदा गावात येते ती चालत येते. गाडी असली तरी वेशीपाशी सोडायची. पदर तोंडाला लावायचा आणि तिथूनच गळा काढायचा. तो आवाज ऐकला की हातातलं काम टाकून घराघरातल्या बाया बाहेर येतात, तिच्यामागं चालतात. दारात घरातली म्हातारी उभी असते. दोघी गळ्यात गळा घालतात आणि मग रडता रडता सांगणं सुरू होतं. माणूस कसा होता, कसा आजारी पडला, शेवटी काय मागितलं, कोणी पाणी पाजलं आणि कोणी नाही. हे सगळं हेल काढून, सगळ्या बायांच्या देखत. त्या वेळी बोललेल्याला कोणी आडवं जात नाही. मुलगा नाही, दीर नाही, सरपंच नाही. एरवी जी बाई सुनेपुढं मीठ मागायला कचरते, ती त्या रडण्यात मुलाचं नाव घेऊन सांगू शकते. हे वर्षाच्या आत व्हावं लागतं. वर्षश्राद्ध झालं की संपलं. मग कोणी रडत नाही आणि कोणी ऐकतही नाही.

मैत्रिणीच्या आईला मी मावशी म्हणते, वडिलांना अण्णा म्हणायची. मावशींना सांगायचं होतं. दहाव्याला मी गेले होते तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं होतं. डोळे कोरडे होते. म्हणाल्या, “समदं सांगायचं हाय. पर लेक येऊ दे.” काय सांगायचं ते मी विचारलं नाही. सून मागच्या दारी भांडी घासत होती, तिच्याकडून तुकड्या-तुकड्यांनी कळलं. म्हाताऱ्याचं पोट फुगलं होतं, उलट्या होत होत्या. नेमकी त्याच दिवशी ऊसतोडीची टोळी आली. टोळी महिनाभर वाट बघायला लावते, आल्यावर सोडून चालत नाही. ट्रॅक्टर फडात, जीप फडात, मुलगा फडात. एवढी खेप भरली की नेतो, एवढा फड उरकला की नेतो. वाडीतल्या कंपाउंडरनं इंजेक्शन दिलं. बारामती जीपनं तासाभरावर, आणि माझ्या घरापासून दवाखाना हाकेच्या अंतरावर. मला निरोप आला असता तर मीच गाडी घेऊन गेले असते. निरोप आला तो माती द्यायचा.

माणूस जुना होता. तरुणपणी मेंढरं घेऊन कोकणात उतरायचा, कालव्याचं पाणी आल्यावर मेंढरं विकली, ऊस लावला. त्याच उसानं नंतर त्याला खोळंबून ठेवलं. हे मी म्हणत नाही, मावशींना म्हणायचं होतं.

संध्याकाळी दोघी आल्या. पाहुणी उंच, हाडापेरानं मजबूत, पन्नाशीची. आल्या-आल्या बूट दाराबाहेर काढले, पिठलं-भाकरी मागून घेऊन खाल्ली, कापसाच्या बंडलाबद्दल काही बोलली नाही. मला बरी वाटली. ती अंघोळीला गेली तेव्हा मैत्रिणीनं हळूच विचारलं, “उद्या रडावं लागेल का गं?”

“लागेल. वेशीपासून.”

“मला जमेल का? किती वर्षांत रडलेच नाही तसं.”

मग तिनं मला सांगितलं की पाहुणीचे वडील दोन वर्षांपूर्वी गेले तेव्हा ती तिथं गेली होती. बर्फातून सहा तास गाडी चालवत. किती शांतपणे सगळं झालं म्हणाली. सगळे काळ्या कपड्यांत, कोणी हुंदका दिला नाही, नंतर तळघरातल्या सभागृहात सँडविच आणि कॉफी. “इतकं डिग्निफाइड होतं ना.” मी भाकरीचं पीठ झाकून ठेवलं आणि म्हणाले, उद्या फिकं लुगडं नेस, नसेल तर माझं घे. गाडी वेशीपाशी थांबवू, तिथून तू पुढं, मी मागं. पाहुणीला मी सांभाळते. ती म्हणाली बरं. रुमाल घेतला का विचारलं तर म्हणाली टिश्यू आहेत.

ठरलं ते असं, आणि तसं करायची तिची तयारी होती. एवढं तिच्या बाजूनं सांगितलं पाहिजे.

सकाळी भाड्याच्या ट्रॅक्स जीपमधून निघालो. लासुर्ण्यापर्यंत रस्ताभर उसाच्या गाड्या. कारखान्याच्या मळीचा वास आल्यावर पाहुणीनं खिडकी लावून घेतली, मग आम्हाला वाईट वाटेल म्हणून पुन्हा उघडली. फाट्यावरून आत वळलो. वेशीच्या अलीकडे ड्रायव्हरला थांब म्हटलं. मैत्रीण उतरली. माझं पांढऱ्यावर निळ्या काडीचं सुती पातळ तिनं नेसलं होतं, अंगापेक्षा लांब होत होतं. तिनं डोक्यावरून पदर घेतला, टोक तोंडाला लावलं. मी तिच्या पाठीशी उभी होते. तिचे खांदे वर गेलेले मला दिसले, माणूस दम भरून घेतो तसे.

आणि ढोल वाजला.

वेशीच्या आत धनगरी गजी नाचणारे उभे होते. पांढरे झगे, हातात रंगीत रुमाल, ढोलवाल्यांनी फेर धरलेला. मागं झेडपीच्या शाळेची पोरं दोन रांगांत. वेशीवर कापडी फलक, त्यावर परदेशी पाहुण्यांचं हार्दिक स्वागत. मैत्रिणीचा भाऊ कडक पांढऱ्या सफारीत पुढं आला, दोन्ही हात जोडलेले. त्याच्यामागं कारखान्याकडचे कोणी दोघं-तिघं, फेट्यात. तिच्या गळ्यात झेंडूचा हार पडला, पाहुणीच्या गळ्यात त्याहून मोठा. कोणीतरी भंडाऱ्याची मूठ उधळली. मैत्रिणीचा पदर अजून तोंडाशी होता. तिनं तो खाली केला.

पाच सुवासिनी ताटं घेऊन पुढं आल्या, सगळ्यात पुढं भावजय. तिची नजर माझ्यावर पडली आणि खाली गेली. माझे मालक जाऊन चार वर्षं झाली होती. औक्षणाच्या वेळी कुठं उभं राहायचं नाही हे मला कोणी सांगावं लागत नाही. मी बाजूच्या बोळातून मागच्या दारी गेले.

मावशी चुलीपाशी बसल्या होत्या. न्हालेल्या, धुतलेलं लुगडं, पदर कमरेला खोचलेला. जिथं त्यांनी उभं राहायला हवं होतं ते पुढचं दार, आणि तिथं आता तोरण होतं. भेटायला येणारी लेक असती तर दारात पहिली त्याच. स्वागत म्हटल्यावर विधवेचं काय काम? मुलानं पहाटेच त्यांना आत बसायला सांगितलं होतं. रागावून नाही. गोडीत. “पाव्हण्यांचं औक्षण हाय आई, तू जरा आतच ऱ्हा.”

मला बघून त्या म्हणाल्या, “ढोल कुणी आणला?”

“तुमच्या लेकानं.”

“त्येला ठाव न्हाय व्हय, ह्या घरात काय झालंय ते?” मग चुलीतलं लाकूड मागं ओढलं आणि स्वतःच उत्तर दिलं. “ठाव हाय. म्हून तर आणला.”

बाहेर भाषण सुरू झालं. भाऊ बोलत होता. आपली भगिनी सातासमुद्रापार जाऊन वाडीचं नाव काढते आहे, असं काहीसं. मग कारखान्याकडच्या माणसानं भाषण केलं. मग पाहुणीला बोलायला लावलं, ती इंग्रजीत बोलली, मैत्रिणीनं मराठीत सांगितलं, टाळ्या पडल्या. आम्ही दोघी आत चुलीपाशी. मावशींनी एकदाही दाराकडं बघितलं नाही. हात मांडीवर ठेवून बसून होत्या, रांगेत नंबर येईल म्हणून बसलेल्या माणसासारख्या.

शेवटी मैत्रीण आत आली. पण एकटी नाही. पुढं भाऊ, मागं पाहुणी, तिच्या हातात कॅमेरा. मावशी उठल्या. मैत्रिणीच्या कपाळावर कुंकू आणि भंडारा, गळ्यात तो छातीभर हार. दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या. भाऊ म्हणाला, “आई, आता काय काढू नगं. शुभ झालंय. पाव्हण्या हायत्या.”

मावशींनी हात पुढं केला. गळ्यापर्यंत गेला तो हात, हारावर थांबला. एक झेंडू जरा सरळ केला.

“जेवलीस का?” त्या म्हणाल्या.

“हो,” मैत्रीण म्हणाली. खोटं होतं. आम्ही नुसता चहा घेऊन निघालो होतो.

पाहुणीनं मला कोपऱ्यात घेऊन विचारलं, ह्या कोण? मी सांगितलं. ती गोंधळली. तिला वाटलं होतं पुढं ताट घेऊन उभी असलेली ती आई. मग आई बाहेर का नाही आली, असं तिनं विचारलं. मी सांगितलं की आमच्याकडे अशी रीत आहे. त्यापुढं इंग्रजीत समजावून सांगण्याची माझी इच्छा नव्हती.

रात्री आम्ही तिघी तिथंच राहिलो. दुसऱ्या दिवशीचा कार्यक्रम भावानं आधीच लावून ठेवला होता. भिगवणला धरणाच्या फुगवट्यावर पक्षी, होडी, मग तिथंच मासळीचं जेवण. सकाळी मैत्रीण चहाचा कप घेऊन मागच्या दारी उभी होती. मावशी तांदूळ निवडत होत्या. मी बसते आज आईपाशी, असं ती भावाला म्हणाली. भाऊ म्हणाला, कारखान्याचे साहेब खास यायचेत, तुलाच भेटायला, होडीवाल्याला आगाऊ सांगितलंय. मैत्रिणीनं आईकडं बघितलं. मावशी सुपातले खडे बाजूला टाकत राहिल्या.

“उद्या निघायच्या आधी निवांत बसू हं आई,” ती म्हणाली आणि बूट घालायला गेली.

भिगवणला पाणी काठोकाठ होतं. कोळ्यानं होडी काढली. भाऊ आणि साहेब लोक काठावर थांबले, कुठला मासा कसा करायचा ते सांगत. होडीत आम्ही तिघी आणि कोळी. लांब उथळ पाण्यात गुलाबी-पांढऱ्या पक्ष्यांची मोठी रांग होती, पाहुणीनं दुर्बीण डोळ्याला लावली ती काढली नाही. तिला मराठी येत नव्हतं. मी सरळ बोलले.

“आईला तुला काही सांगायचंय. अण्णांच्या आजारपणाचं.”

“माहीत आहे.”

“काय माहीत आहे?”

“दादानं मागंच फोनवर सांगितलंय. आईचं डोकं ठिकाणावर नाही म्हणे. अण्णांवरून काहीबाही बोलते.”

“तुला काय वाटतं? नाही ठिकाणावर?”

ती पाण्याकडं बघत म्हणाली, “आहे गं. मला कळत नाही का? फोनवर त्याचा आवाज ऐकूनच कळलं मला. पण मी ते ऐकलं तर मला त्याच्याशी भांडावं लागेल. मी भांडेन आणि विमानात बसेन. तिला त्याच्याच घरात राहायचंय.”

“तिला भांडण नकोय. तिला नुसतं सांगायचंय.”

“आणि मी ऐकून गप्प बसू? मग मी कोण ठरले?”

मी शाळेत गणित शिकवते. तिच्या मांडणीत मला कुठली पायरी चुकलेली दिसेना. तरी उत्तर चूक होतं. मी तिला म्हणाले, “न ऐकता गप्प बसलीस तर वेगळी कोण ठरतेस?” पाहुणीनं दुर्बीण तिच्या हातात दिली आणि बघ, बघ म्हणाली. तिनं बघितलं. माझे मालक गेले तेव्हाही ती आली नव्हती. फुलांचं चित्र असलेलं कार्ड आलं होतं, आत छापील ओळी, खाली सही. तेव्हा मी मनाला लावून घेतलं नव्हतं. त्या होडीत घेतलं.

जेवताना भाऊ मला म्हणाला, “बाई, तुमी लई करता आमच्या घरासाठी.” माशाचा काटा काढून त्यानं ताटाच्या कडेला ठेवला. “आईलाबी जरा समजावून सांगा. म्हातारपणी मानूस जुनं उगाळत बसतं. तब्येतीला बरं न्हाय ते.” आवाज मऊ होता. आईला दोन वेळा जेवायला घालतो, लुगडी घेतो, गुडघ्याला मलम आणून देतो. गावात त्याला चांगला मुलगा म्हणतात. खोटं म्हणत नाहीत. मी म्हणाले, उगाळल्याशिवाय गंध निघत नाही. तो हसला. त्याला ते कळलं, म्हणूनच हसला.

पंचवीस तारखेची सकाळ निवांत बसायची होती. पण पाहुणीला पहाटेपासून जुलाब लागले. मासे तिखट होते, पाणी तिला न मानवणारं. मैत्रीण तिच्यामागं तांब्या घेऊन परसात आणि परत, अशा फेऱ्या मारत होती. मी साखर-मिठाचं पाणी केलं. मावशींनी चूल पेटवली, तांदळाची पेज केली, आदल्या दिवशी निवडलेल्याच तांदळाची. वाटीत ओतून फुंकून निववली आणि पाहुणीच्या उशाशी बसून चमच्यानं पाजली. पाहुणी डोळे मिटून पीत होती. मध्येच तिनं मावशींचा हात धरला आणि मैत्रिणीला काही म्हणाली.

“ती म्हणतेय, तू तिला तिच्या आईसारखी वाटतेस,” मैत्रिणीनं सांगितलं.

“आसूं दे,” मावशी म्हणाल्या. “पेज संपव म्हनावं.”

दुपारपर्यंत पोट थांबलं. ट्रॅक्स दारात आली. आज फलक नव्हता, ढोल नव्हता, साहेब नव्हते. भाऊ ड्रायव्हरला डिझेलबद्दल काही सांगत होता. बॅगा चढवल्या. पाहुणीला पुढच्या सीटवर बसवलं. मैत्रीण पाया पडायला वळली, वाकली, आणि उठताना तिनं मावशींच्या गळ्यात हात टाकले.

तिनं गळा काढला. मला वाटलं होतं विसरली असेल. नव्हती विसरली. वीस वर्षं कॅनडात राहिलेल्या बाईच्या गळ्यातून अगदी तिच्या वाडीचा हेल निघाला, अण्णा गं, माझ्या अण्णा गं, असा. समोरच्या घरातली बाई दाराशी आली. भावानं मान वळवली.

मावशींचे हात खाली होते. वर आले नाहीत. त्यांनी क्षणभर लेकीला रडू दिलं, मग तिचे दंड धरून तिला हळूच बाजूला केलं.

“जाताना नगं, बाय,” त्या म्हणाल्या. “रडायचं ते येताना. आता जा. पाव्हणीला ऊन लागंल.”

आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. मैत्रिणीनं नाक पुसलं आणि गाडीत बसली. मावशी आत गेल्या. दारात भाऊ उभा राहिला हात हलवत.

लासुर्णे मागं टाकलं तेव्हा ती पाहुणीला इंग्रजीत सांगत होती की शेवटी आईला धरून रडता आलं, मनावरचं ओझं उतरलं. पाहुणीनं तिचा हात दाबला. बारामतीत माझ्या दारात गाडी थांबली. मी उतरले. ती खिडकीतून म्हणाली, “चला, रडणं तरी झालं.” मी म्हणाले, गोव्यात पाणी उकळून घ्या. गाडी पुण्याकडं गेली.

सव्वीस तारखेला सकाळी उठले. गाद्यांच्या चादरी काढल्या, उशांचे अभ्रे काढले, सगळं सोड्याच्या पाण्यात भिजत घातलं. कापसाचं उरलेलं बंडल कपाटात ठेवलं. समोरच्या मुलीकडे शाळेत चिठ्ठी पाठवली की आज येत नाही. मग बसस्टँडवर जाऊन इंदापूर गाडीत बसले.

काही ठरवून गेले असं नाही. वर्षश्राद्धाला जेमतेम तीन आठवडे राहिले होते आणि त्याच्या आत येणारं दुसरं कोणी नव्हतं, एवढं मला माहीत होतं. फाट्यावर उतरले. आत जाणारा एक ट्रॅक्टरवाला म्हणाला, बाई, बसा, सोडतो वेशीपातुर. मी बसले. वेशीपाशी उतरले. फलक अजून तसाच होता, एका बाजूनं सुटून लोंबत होता.

मला रडू येत नव्हतं. राग येत होता. हेल मला काढता येत नाही. माझ्या माणसाच्या वेळीही मी काढला नव्हता. बारामतीच्या सोसायटीत काढत नाहीत, आणि माझा तो स्वभावही नाही. पण शाळेच्या मैदानावर मुलींना रांगेत उभं करून करून आवाज तेवढा आहे. मी पदर डोक्यावरून घेतला, टोक तोंडाला लावलं आणि आवाज काढला.

फाटका आला. पारावर बसलेल्या दोन म्हाताऱ्या दचकून बघायला लागल्या. शब्द सुचेनात, म्हणून मैत्रिणीनं जे म्हणायला हवं होतं तेच म्हटलं. अण्णा गं, माझ्या अण्णा गं, मला उशीर झाला गं. आणि चालायला लागले. पहिल्या घरातली बाई पिठाच्या हातानंच बाहेर आली. कोण गं, कोण, बारामतीच्या बाई न्हवं का, असं कुजबुजणं ऐकू आलं. मी थांबले नाही. पारावरची एक म्हातारी उठली, काठी टेकत माझ्यामागं आली, आणि तिनं माझ्या फाटक्या आवाजाखाली आपला खणखणीत आवाज लावला. मग मागं पावलं वाढत गेली. मी वळून बघितलं नाही.

भाऊ ओट्यावर पेपर वाचत बसला होता. उठून उभा राहिला. “बाई,” तो म्हणाला, “ह्ये काय काढलं तुमी?” मी त्याच्यासमोरून रडत गेले. रडण्याला आडवं जाता येत नाही. तो बाजूला झाला.

मावशी पुढच्या दारातून बाहेर आल्या. माझ्याकडं बघितलं, माझ्यामागच्या बायांकडं बघितलं. मग दोन्ही हात माझ्या गळ्यात टाकले आणि ऊसतोडीची टोळी आली त्या सकाळपासून सांगायला सुरुवात केली.